आमच्या लोकांचा दम

निजाम सरकारच्या राज्यात आमच्या वस्तीची कधी कोणी विचारपूस केली नाही, असं जे म्हणतात ते खोटं बोलतात. एकदा केली होती. थेट हैदराबादहून डॉक्टर आला होता, बैलगाडीत यंत्र घालून, आणि आमच्या पोरांचा श्वास मोजून गेला. आमची जमीन मोजायचा प्रश्नच नव्हता, कारण जमीन नव्हती. तेव्हा सरकारला मोजण्यासारखं आमच्याकडे जे काही शिल्लक होतं ते त्यानं मोजलं. मी तेव्हा आठेक वर्षांची असेन.

आम्ही भिल्ल. तलवाड्याच्या अलीकडे माळावर आमच्या झोपड्या होत्या आणि माळ एका शेठचा होता. माळाच्या खालच्या अंगाला त्याच शेठचं जिन होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. शेठ मोठा दयाळू माणूस. झोपड्यांच्या जागेचं भाडं तो घेत नसे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दर झोपडीमागे एक पोर जिनात पाठवायचं, आणि जिचं पोर येणार नाही त्या झोपडीनं आपले बांबू उपटून वाट धरायची, एवढीच त्याची अट होती. पोरंच का, असं कोणी विचारलं तर मुकादम सांगायचा की पोरांची बोटं बारीक असतात, कापसातला काडीकचरा त्यांच्या हाताला चटकन लागतो. पोरं मोठ्या माणसांपेक्षा कमी बोलतात, हे तो सांगत नसे.

आमच्या झोपडीत माणसं तीन. माय, माझी थोरली बहीण आणि मी. बाप नव्हता. त्यामुळे जिनात जायचा मान माझ्या बहिणीचा. मी तिला आक्का म्हणायची. माझ्यापेक्षा ती तीनचार वर्षांनी मोठी. तिचा तो तिसरा हंगाम होता. कापूस पिंजायच्या खोलीत ती दिवसभर बसायची. त्या खोलीला एकच झरोका होता आणि तोही रुई बाहेर उडून वाया जाऊ नये म्हणून पोतं लावून बुजवलेला. संध्याकाळी आक्का घरी यायची तेव्हा तिच्या भुवया, पापण्या, नाकाच्या कडा पांढऱ्या झालेल्या असायच्या. पहिल्या वर्षी मी तिला म्हातारी म्हणून चिडवलं होतं आणि तीही काठी टेकत चालायची नक्कल करून दाखवायची. तिसऱ्या वर्षी नक्कल करायची गरज उरली नाही. माळाचा चढ चढताना ती दोनदा बसायची. रात्री आडवी झाली की खोकल्याची उबळ यायची, म्हणून कुडाला पाठ लावून बसूनच झोपायची. माय अडुळशाचा काढा करायची, तेल कोमट करून तिच्या छातीला चोळायची, आणि देवीला काय काय कबूल करायची ते देवीला आणि तिलाच ठाऊक.

अशी पोरं वस्तीत बरीच होती. आदल्या हंगामात दोन गेली होती. पण त्यावर सरकार हललं असं कोणी समजू नये. सरकार हललं ते वेगळ्या कारणानं. दौऱ्यावरच्या एका मोठ्या साहेबाचा तंबू त्या साली आमच्या माळाशेजारी पडला, आणि आमच्या पोरांच्या खोकल्यानं साहेबाची झोप मोडली. सकाळी त्यानं विचारलं की हा काय प्रकार आहे. कोणीतरी म्हणालं, जिनातली पोरं आहेत. साहेब भला होता. त्यानं तंबू हलवला आणि चौकशीचा हुकूम दिला.

हुकूम सांगायला तहसिलीतला चपराशी आला. जिनामुळं ज्या पोराचा दम कमी झाला असं डॉक्टर ठरवील, त्याला जिनातून काढायचं, आणि त्याच्या झोपडीला शेठनं हात लावायचा नाही. चपराशानं हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही. माय त्या दिवशी खूप दिवसांनी हसली. तिनं आक्काला समोर बसवून बजावलं की डॉक्टरपुढं खोकला दाबायचा नाही, लाजायचं नाही, येईल तेवढा खोकून घ्यायचा. आयुष्यभर आम्हाला पाहुण्यांपुढं खोकू नका म्हणणारी माय ती.

डॉक्टर आला तो उंच, गोरा, डोक्यावर लाल रुमी टोपी आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी. माणूस वाईट नव्हता. आम्हा पोरांना त्यानं स्वतःच्या हातानं रेवड्या वाटल्या. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून बरोबर एक कंपाउंडर होता. त्याला मराठीही येत होतं आणि उर्दूही. आमच्याशी बोलताना मात्र दोन्हींपैकी काहीच नीट वापरावं असं त्याला वाटत नव्हतं. चिंचेखाली पाटलाच्या घरून आणलेली खुर्ची मांडली, आणि गाडीतून यंत्र उतरवलं. दोन पितळी डबे, एकात एक बसवलेले, मधे पाणी. एक रबरी नळी. नळीतून फुंकलं की आतला डबा वर उचलला जायचा आणि बाजूच्या पट्टीवर किती उचलला ते दिसायचं. पितळ असं घासलेलं होतं की आमच्या बायका यंत्राकडं कमी आणि पितळाकडं जास्त बघत होत्या.

डॉक्टरचा हिशेब साधा होता. जिनात न जाणाऱ्या पोरांचा दम आधी मोजायचा. भिल्लाच्या धडधाकट पोराला दम किती असतो ते त्यावरून कळेल. मग जिनातल्या पोरांचा मोजायचा, आणि जितका कमी भरेल तितका जिनाचा दोष. आता मी म्हातारी झाले, पुढे दवाखान्यात दाई म्हणून राहिले, पुष्कळ डॉक्टर बघितले. तरी म्हणते, त्या हिशेबात खोट नव्हती. खोट असलीच तर एवढीच की तो हिशेब आमच्यावर चालवायचा होता आणि आम्ही कशी माणसं आहोत ते विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

पहिल्यांदा पुढं गेला आमच्या नाईकाचा नातू. नाईक म्हणजे वस्तीचा म्हातारा मुखिया. पोरगं माझ्याच वयाचं, डोंगरातून सशामागं धावणारं. कंपाउंडरनं त्याच्या हातात नळी दिली आणि आपला हात धोतराला पुसून सांगितलं, "दिवा विझवता तशी फुंकर मारायची. समजलं का?"

समजलं तर सगळ्यांनाच. अडचण तीच होती. आमच्या झोपड्यांत दिव्याला कोणी तोंडानं फुंकत नाही. दिवा म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर उष्टी फुंकर कशी घालायची? दिवा शांत करायचा तर हातानं वारा घालतात, नाहीतर वातीवरून पदराचं टोक फिरवतात. लहानपणी मी एकदा फुंकर मारली होती तेव्हा मायनं मला चांगलं बडवलं होतं आणि मग दिव्याला हात जोडायला लावले होते. आणि इथं सरकारनं पितळेचा एवढा चकचकीत दिवा मांडून भर दुपारी, देवमाणसांसारख्या माणसांपुढं, फुंकर मारा म्हणून सांगितलं होतं. सरकारचा हुकूम मोडता येत नाही आणि दिव्याचा अपमान करवत नाही. नाईकाच्या नातवानं यातून वाट काढली. त्यानं आधी दोन्ही कानांना हात लावले, तोंड थोडं बाजूला वळवलं, डोळे मिटले, आणि गरम कण्या निवतील एवढी हळू फुंकर नळीत सोडली. डबा जागचा जरासा हलला. नाईकानं मान डोलावली. पोरगं शिस्तीचं निघालं म्हणून त्याला बरं वाटलं.

मग काय, मोठ्याच्या नातवानं दाखवलेला तोच रस्ता. एकामागून एक पोरं गेली, कानांना हात लावून, तोंड वळवून, अदबीनं फुंकून आली. मीही गेले. त्या नळीला आधीच्या पोरांच्या तोंडचा चिंचेचा वास येत होता. मी तर इतकी हळू फुंकर मारली की डॉक्टरनं डब्यापाशी वाकून बघितलं. पण तो चिडला नाही. उलट खूश होता. सगळ्या पोरांचा दम जवळजवळ सारखा भरत होता, आणि शिकलेल्या माणसाला सारखेपणा फार आवडतो. एखाद्या पोराचा जास्त भरला असता तर बिचाऱ्याला विचार करावा लागला असता.

कंपाउंडरनं नाईकाला सुनावलं की तालुक्याच्या शाळेतली पोरं याच यंत्रात मोजली, मास्तरांनी शंख फुंका म्हणून सांगितलं आणि डबा पार वरपर्यंत गेला. तुमच्या पोरांत काही जीवच नाही. नाईकानं हात जोडले. त्याला वाटलं, आपल्या पोरांच्या चालचलणुकीची तारीफ चालली आहे.

दुसऱ्या दिवशी जिनातल्या पोरांची पाळी. ते मोजमाप जिनाच्या अंगणात झालं, म्हणून तिथं मी नव्हते. जे सांगते ते आक्कानं घरी येऊन सांगितलेलं. कंपाउंडर शेठकडं जेवायला बसला होता आणि जेवण लांबलं होतं, म्हणून पोरांना समजावून सांगायचं काम मुकादमाकडं आलं. मुकादम खेड्यातला माणूस, दिव्याला फुंकर मारा असं त्याच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, चूल फुंकता तसं फुंका, आणि जो हयगय करील त्याच्या पाठीत काठी बसेल. चूल फुंकणं हे आमच्या पोरींना जन्मापासून येतं. ओल्या काट्याकुट्यांची चूल पेटवायची तर पोटातून वारा काढावा लागतो. तिथं अदबीचा काही संबंध नाही.

आक्कानं बेंबीच्या देठापासून फुंकलं. डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा तटतटल्या, गुडघे वाकले. डबा उचलला, थोडा अजून उचलला, आणि मग तिला खोकल्याची अशी उबळ आली की ती यंत्रापाशीच खाली बसली. मायनं सांगितलं होतं तसं तिनं काही दाबलं नाही. डॉक्टरनं तिला पाणी दिलं. तिच्या पाठीला आपली कानात घालायची नळी लावून बराच वेळ ऐकलं. आक्का म्हणाली, ऐकताना त्याचा चेहरा पडला होता. मग त्यानं पट्टीवरचा आकडा बघितला आणि त्याचा चेहरा पुन्हा ठीक झाला.

कारण आकडा माझ्याएवढाच भरला होता, मुकादमानं तो तिथंच मोठ्यानं सगळ्यांना सांगितला. उलट रेघभर जास्तच. जिनातल्या सगळ्या पोरांचं तसंच झालं. छाती फुटेस्तोवर मारलेली त्यांची फुंकर आणि आमची कण्या निववायची फुंकर, दोन्ही सारख्या ठरल्या. डॉक्टरच्या कानानं त्याला एक सांगितलं आणि यंत्रानं दुसरं, आणि माणूस शिकलेला असल्यामुळं त्यानं यंत्राचं ऐकलं.

संध्याकाळी आक्का हे सांगत होती आणि मायच्या हातातलं तेल तसंच थांबलं. तिनं दोनदा विचारलं, चूल म्हणला? चूल फुंका म्हणला? मग तशीच उठून नाईकाकडं गेली. माझी माय अडाणी होती, पण चुलीची फुंकर आणि दिव्याची फुंकर यांतला फरक सांगायला तिला हैदराबादहून कोणी यायची गरज नव्हती. नाईकाला कळायला थोडा वेळ लागला, कारण त्याला आधी आपल्या नातवाच्या शिस्तीचं काय करायचं ते ठरवावं लागलं. पण कळल्यावर तो थांबला नाही. उजाडायला तो वस्तीतली पोरं पुढं घालून, डॉक्टर उतरला होता त्या पाटलाच्या वाड्यावर हजर झाला. मायचा हात धरून मीही होते.

यंत्र गाडीत चढलं होतं. बैल जुंपायचे राहिले होते. नाईकानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "सायेब, परवा आमच्या पोरांनी अदबीनं फुंकलं. दिव्यावर तोंडानं फुंकत न्हाईत आमी. आता बिनअदबीनं फुंकून दावतो. एकडाव यंत्र काढा."

कंपाउंडरनं हे उर्दूत सांगितलं. काय सांगितलं ते देव जाणे, पण डॉक्टर हसला. रागानं नाही, प्रेमानं हसला. ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो म्हणाला, "बडे मियाँ, अदबसे दम नहीं घटता." आणि मग कंपाउंडरमार्फत समजावलं की एकदा मोजलेला दम पुन्हा मोजायचा नसतो. आता तुम्हाला काय हवं आहे ते कळल्यावर पोरं काय वाटेल ते करतील, मग ते मोजमाप खरं कसं धरायचं? आम्हाला काय हवं आहे ते कळायच्या आधी आम्ही जे केलं तेच खरं. नाईकाचा नातू तेवढ्यात गाडीमागं जाऊन जोरजोरात फुंकून दाखवत होता, नुसताच, हवेत. गाडीवानानं त्याला हुसकावलं.

पुढं आठवड्याभरात निकाल आला. तो जिनाच्या अंगणात वाचून दाखवला आणि मुकादमानं आमच्या भाषेत सांगितला. भिल्लांच्या पोरांना दम जात्याच कमी असतो. शाळेतल्या पोरांशी त्यांची बरोबरी करायची नाही. जिनातल्या भिल्लांच्या पोरांचा दम त्यांच्या जातीच्या मानानं बरोबर भरतो, सबब जिनामुळं काही नुकसान दिसत नाही. अशा रीतीनं सरकारनं आमच्या श्वासातून जातीचा हिस्सा वजा करून घेतला आणि उरलेल्याला ठणठणीत ठरवलं. शेवटी एक शिफारसही होती, की पोरांना मधून मधून गुळाचा खडा द्यावा, म्हणजे घसा साफ राहतो. शेठनं ती तत्काळ मानली. त्यानं दोनदा गूळ वाटला.

शेठचा मला राग येतो तो नेहमीचा आहे. शेठ असतो तो शेठसारखाच वागतो. पण त्या निकालानं आमच्या झोपडीत जे केलं ते शेठला कधी जमलं नसतं. तो निकाल मायनं खरा मानला. नाईकाबरोबर पाटलाच्या वाड्यावर धावत गेलेली माझी माय, जिला दिव्याचं आणि चुलीचं सगळं कळलं होतं, ती हळूहळू डॉक्टरवर विश्वास ठेवायला लागली. तिचंही काय चुकलं? खोटं मानायचं तर पोर मरतंय हे मानावं लागत होतं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिला जिनात पाठवावं लागत होतं. डॉक्टरचं खरं मानलं की निदान सकाळी तिला हाक मारून उठवता येत होतं. तेल चोळणं आधी एक दिवसाआड झालं, मग थांबलं. एके सकाळी आक्का उठेना तेव्हा माय तिच्यावर खेकसली, "डाक्टर म्हणला तुला काय झालेलं न्हाई. मग कावून ऊठसूट खोकतीस?"

आक्का त्यानंतर खोकला ओढणीत दाबायला लागली. ती शिमगा होऊन थोड्या दिवसांनी गेली. जिन बंद झालं होतं, म्हणजे हंगामात तिनं एकही दिवस चुकवला नाही. माय पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि त्या वाक्याविषयी माझ्याशी एक शब्द कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही. मला तिचा राग नव्हता. मला रडू यायचं.

आक्का जायच्या आधीची एक संध्याकाळ सांगते. मी तिला आणायला जिनापर्यंत गेले होते. परत येताना माळाचा चढ लागला आणि मी सवयीनं पळतच वर निघाले. अर्ध्यावर जाऊन मागं बघितलं तर ती खाली दगडावर बसलेली. मी परत खाली आले. तिच्या छातीतून आवाज येत होता, बारीक शिट्टीसारखा. मला वाटलं ती रडत असेल. पण तिचा चेहरा निवांत होता, कितीतरी दिवसांत बघितला नव्हता इतका. मला शेजारी ओढून घेऊन ती थांबून थांबून म्हणाली, "पळू नको अशी. आपल्या लोकांना येवढाच दम असतोय, डाक्टरनं मोजलाय. मला उगंच वाटत हुतं की मीच आजारी हाय."

तिला हायसं वाटलं होतं. आपण आजारी नाही, आपण फक्त भिल्ल आहोत, याचं माझ्या बहिणीला हायसं वाटलं होतं.

मी अर्धा माळ चढून उतरले होते आणि मला जराही धाप लागली नव्हती. मी तिच्याजवळ दगडावर बसले, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून तिच्यासारख्याच धापा टाकायला लागले.